लहान हॉस्पिटलात कोड ब्लूचा सराव: रात्रपाळीची माणसं धरून कसा घ्यायचा

पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबला की हॉस्पिटलात ‘कोड ब्लू’ची हाक देतात. तिला धावून येणारी पुस्तकातली टीम सात-आठ जणांची असते, एक लीडर, छाती दाबायला दोघं, श्वासाकडे एक, औषधाला एक, डिफिब्रिलेटरला, म्हणजे शॉक द्यायच्या मशीनला एक, लिहायला एक. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी पट्ट्यातल्या ३०-४० बेडच्या हॉस्पिटलात रात्री अडीच वाजता असतात दोन सिस्टर, एक आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर), एक वॉर्डबॉय, एक मावशी आणि गेटवर सिक्युरिटीचे काका. भूलतज्ज्ञांना फोन लावला तरी ते घरून निघून, गाडी काढून येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि पेशंटकडे तेवढी मिनिटं नसतात. त्यामुळं माझं म्हणणं एकच आहे, सराव त्या पाच-सहा जणांना घेऊन करा, त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच ट्रॉलीवर, थोडा थोडा पण सारखा. वर्षातून एकदा हॉलमध्ये खुर्च्या मांडून, प्रोजेक्टर लावून जे होतं त्यानं माहिती मिळते, पण हात तयार होत नाहीत.

मी आयसीयूत सिस्टर इनचार्ज आहे आणि आमच्याकडचे सराव मी आणि आमचे भूलतज्ज्ञ सर मिळून घेतो. मोठी सिम्युलेशन लॅब, घाम फुटणारा, डोळे मिचकावणारा मॅनिकिन म्हणजे सरावाचा बाहुला, यातलं काहीही लागत नाही. काय लागतं ते सांगते.

बीएलएस, एसीएलएस हे जीव वाचवायचे कोर्स झालेल्यांचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, पण हाताचं कसब तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं हे आता सगळीकडे मान्य झालेलं आहे, म्हणून कोर्स केलेली माणसं असली तरी सराव पाहिजेच. आणि ज्यांचा कसलाच कोर्स झालेला नाही, म्हणजे मावशी, वॉर्डबॉय, लिफ्टवाले, बिलिंग काउंटरची पोरं, त्यांच्यासाठी इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं २०१७ मध्ये कॉल्स म्हणून सोपी पद्धत दिलीय, त्यात तोंडानं श्वास द्यायची भानगड नाही, फक्त ओळखायचं, मदत बोलवायची, छाती दाबत राहायचं आणि पेशंट लवकर पुढं पोचवायचा. आपल्याकडे मावशींना यातून वगळायची सवय आहे, ती पहिल्यांदा मोडा. रात्री पेशंटजवळ सगळ्यात आधी बऱ्याचदा मावशीच असतात, बेडपॅन द्यायला गेलेल्या असतात, त्यांनीच बघितलेलं असतं की आजोबा कसं तरीच करालेत.

आधी ट्रॉली बघा

सराव सुरू करायच्या आधी एक दिवस नुसती क्रॅश ट्रॉली, म्हणजे इमर्जन्सीच्या औषध-सामानाची ट्रॉली, काढून बसा, दोन सिस्टर आणि तुम्ही. ड्रॉवर उघडून एकेक वस्तू हातात घेऊन चालवून बघायची. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं अवजार) उघडला की बल्ब लागतो का, अंबू बॅगचा (हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा) मास्क बसतो का, सक्शनची वायर प्लगपर्यंत पोचते का आणि तो प्लग त्या सॉकेटात जातो का, कारण १५ अँपिअरचा जाड प्लग आणि बेडमागे ५ अँपिअरचं सॉकेट हे आपल्याकडे हमखास सापडतं. ऑक्सिजन सिलेंडरची चावी सगळ्यात महत्त्वाची. ती चावी कोणाच्या तरी खिशात, नाहीतर स्टोअरच्या खिळ्यावर असते आणि सिलेंडर भरलेला असून उपयोग शून्य. आम्ही चावीला जाड नाडी लावून ती सिलेंडरच्या मानेलाच बांधलीय, गाठ अशी की चावी फिरवता येते पण घेऊन जाता येत नाही. एवढंसं काम आहे, आजच करून टाका.

अ‍ॅड्रेनालिन आणि अ‍ॅट्रोपिनच्या अँप्यूल शेजारी शेजारी ठेवू नका, घाईत हात चुकतो. अ‍ॅट्रोपिन असिस्टोलमध्ये (मॉनिटरवर सपाट रेषा असताना) सरसकट द्यायचं २०१० च्या गाइडलाइनपासून काढून टाकलेलं आहे, तरी जुन्या स्टाफच्या हाताला ती सवय असते, ती सरावातच दिसते आणि सरावातच सुटते. डिफिब्रिलेटर चार्जिंगला लावलेला, जेल भरलेली, पेपर रोल घातलेला. बॅटरीवर चालवून बघा, लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मधला जो काळोख असतो त्यात मशीन चालतंय का हे आधीच माहीत पाहिजे. ट्रॉलीला नंबरचं प्लास्टिक सील लावा आणि रोज सकाळी सीलचा नंबर रजिस्टरला लिहा, सील तुटलेलं नसेल तर आतलं सगळं जागेवर आहे हे कळतं, रोज उघडून मोजायला नको.

मॅनिकिन

धडापुरता, दाबला की टिक वाजणारा साधा मॅनिकिन असला तरी पुरे. नॉर्वेतले आस्मुंड लेर्डाल खेळणी बनवायचे, त्यांनी १९६० च्या सुमारास रेसुसी अ‍ॅन काढली, तेव्हापासून धडाचा बाहुला हीच मूळ कल्पना आहे, बाकी सगळं वरचं. नसेल तर जवळच्या नर्सिंग कॉलेजात विचारा, त्यांच्याकडे असतोच आणि एक दिवसासाठी द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत. अगदीच नसेल तर ब्लँकेटची घट्ट गुंडाळी करून तिला पेशंटचा गाऊन घाला, त्यावर टीमचं काम बसतं, कोण कुठं उभं राहणार, काय बोलणार हे बसतं, पण दाबायची खोली त्यावर शिकता येत नाही, ती मॅनिकिनवरच शिकायची. जिवंत माणसाच्या छातीवर सरावाला दाबायचं नाही, गमतीतसुद्धा नाही.

मॉनिटरसाठी महागडं काही नको. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं), व्हीटी (फार वेगानं धडधडतं), असिस्टोल आणि साधा सायनस (नेहमीचा ठोका), एवढ्या रिदमच्या चार मोठ्या प्रिंट काढून लॅमिनेट करा आणि मॉनिटरसमोर धरा. पीईएला वेगळं चित्र लागत नाही, सायनसचाच कागद दाखवायचा आणि नाडी लागत नाही म्हणून सांगायचं, आणि हेच नेमकं लोकांना शिकायचं असतं की मॉनिटरवर छान रेषा असली म्हणून पेशंट जिवंत आहे असं नाही.

केस आपल्या भागातली निवडा

इंटरनेटवरची केस उचलली की स्टाफला ती परकी वाटते, मग ते पाठ केल्यासारखं करतात. आपल्याकडे कोण येतं ते बघा. चिकोडी-अथणीकडे शेतात फवारणीचं औषध पिऊन आलेला माणूस, तोंडाला फेस, श्वास थांबत आलेला. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून मण्यार चावलेली बाई, जखम दिसत नाही पण पापण्या मिटालेत आणि थोड्या वेळानं श्वासच थांबतो. या दोन्हींत हृदय थांबतं ते ऑक्सिजन नसल्यामुळं, त्यामुळं इथं अंबू बॅग आणि एअरवे म्हणजे श्वासाची वाट आधी सुधारला नाही तर नुसतं दाबून काय होणार, हे त्या केसमधून आपोआप कळतं.

दुसरी केस छातीत दुखणाऱ्याची. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला हृदय थांबून गेले, पुढं कर्नाटक सरकारनं त्यांच्याच नावानं हृदय ज्योती योजना काढली आणि आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा ईसीजी काढून तज्ज्ञांना दाखवून हृदयातली गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं इंजेक्शन देता येतं. चांगलीच गोष्ट आहे, पण गुठळी विरघळून रक्त परत वाहायला लागताना काही जणांना व्हीएफ येतं, आणि ते येतं तेव्हा पेशंट आपल्याच बेडवर असतो. म्हणून जिथं हे इंजेक्शन देतात तिथं ही केस घ्याच, इंजेक्शन दिलेलं आहे, पेशंट बोलतोय, बोलता बोलता मान टाकली. शॉक किती वेळात बसतो बघा.

मॅटर्निटी असेल तर गरोदर बाईची केस वेगळी घ्या. पोट बेंबीपर्यंत किंवा वर असेल तर एकानं दोन्ही हातांनी गर्भाशय पेशंटच्या डाव्या बाजूला ओढून धरायचं, नाहीतर मोठी रक्तवाहिनी दबून राहते आणि दाबलेलं रक्त वर येतच नाही. आणि चार मिनिटांत रक्ताभिसरण परत आलं नाही तर जागच्या जागी सिझेरियन सुरू, पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर, ओटीला न्यायचं नाही. हे ऐकायला अवघड वाटतं, म्हणूनच एकदा तरी त्या बेडजवळ उभं राहून ब्लेड कुठंय, बाळ कोण घेणार एवढं तरी ठरवा. डायलिसिस असेल तिथं पोटॅशियम वाढलेल्याची केस घ्या.

प्रत्यक्ष सराव

वेळ ५ ते ८ मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. वॉर्डातला एक रिकामा बेड, त्यावर मॅनिकिन, उशाला केस पेपर. शेजारच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आधी सांगा की आमची प्रॅक्टिस आहे, घाबरू नका, नाहीतर एखाद्या आजीबाईंना उगीच त्रास व्हायचा. घोषणा करताना ‘मॉक’ हा शब्द आधी लावायचा. आणि वॉर्डात खरोखर कोणी सिरीयस असेल, किंवा स्टाफ कमी असेल, तर त्या दिवशी सराव रद्द, यात मानपान बघायचं नाही.

एक जण केस चालवतो, दुसरा हातात घड्याळ घेऊन नुसता बघतो आणि लिहितो. बघणाऱ्यानं मधे बोलायचं नाही.

आता काय बघायचं. पेशंट हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट नाही म्हणजे अरेस्ट, हृदय थांबलंय. मधेच आचके दिल्यासारखा श्वास येतो त्याला लोक ‘श्वास आहे की’ म्हणून थांबतात, तो श्वास धरायचा नाही. मानेची नाडी बघायला १० सेकंद, त्याच्यावर नाही, शंका असेल तर दाबायला सुरुवात. आमच्याकडे सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ जायचा तो बीपीचं मशीन आणायला आणि बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावायला, आणि ही सवय मी दुसऱ्या हॉस्पिटलांतून आलेल्या स्टाफमध्येपण बघितलीय. अरेस्टमध्ये बीपी नसतंच, ते मशीन आणायला गेलेला माणूस एक हात कमी करतो.

दाबायचं मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मोबाईलवर मेट्रोनोम (ठेका देणारं अ‍ॅप) ११० ला लावून ठेवा. पाठीखाली बोर्ड पाहिजे, नाहीतर गादीच खाली जाते आणि आपल्याला वाटतं छाती दाबतोय, हवेची गादी असेल तर तिची हवा सोडायची. दाबणारा बुटका असेल तर पायरीचं स्टूल बेडखालीच ठेवा. श्वासनलिकेत ट्यूब टाकलेली नसेल तर ३० दाब आणि २ श्वास, ट्यूब असेल तर दाबणं अखंड आणि दर ६ सेकंदांनी एक श्वास. अंबू जोरजोरात आणि भराभर दाबायची फार सवय असते लोकांना, भीतीनं हात चालतो, ते मुद्दाम मोजा.

दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा, थकला नाही म्हणाला तरी बदलायचा. पालखीचा खांदा बदलताना पालखी थांबत नाही, तसा हा बदल झाला पाहिजे, पुढचा माणूस आधीच पलीकडच्या बाजूला हात तयार ठेवून उभा. एकूण वेळातला कमीत कमी ६० टक्के आणि जमल्यास ८० टक्के वेळ छातीवर हात चालू पाहिजेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं जे मला पुन्हा पुन्हा दिसतं. सिस्टर किंवा मावशी छान दाबत असतात, तेवढ्यात डॉक्टर दारातून आत येतात, आणि हात थांबतात. सर आले म्हणून बाजूला सरकून उभं राहायचं. एका मावशींना नंतर विचारलं तर म्हणाल्या, ‘सर आले न्हवं, म्हणून सोडलो.’ त्यात त्यांची चूक नाही, वर्षानुवर्षं आपण त्यांना हेच शिकवलंय की सर आले की बाजूला व्हायचं. म्हणून सरावात हा प्रसंग मुद्दाम घाला, डॉक्टरांना दोन मिनिटं उशिरा आत पाठवा, आणि डॉक्टरांनी आत येताच पहिलं वाक्य म्हणायचं, ‘दाबत राहा, कोण काय करतंय मला सांगा.’ हे वाक्य डॉक्टरांकडून पाठ करून घ्या. दुसरी तशीच जागा म्हणजे मॉनिटर. रिदम बघायला सगळ्यांची मान एकदम वर जाते आणि दाबणाऱ्याचीपण जाते, हात थांबतात. मॉनिटर फक्त लीडरनं बघायचा, २ मिनिटं संपल्यावर, १० सेकंदांच्या आत.

शॉकच्या वेळी चार्ज करताना दाबणं चालूच ठेवायचं, चार्ज झाला की ‘सगळे बाजूला, ऑक्सिजन बाजूला’, नजरेनं बघून खात्री, शॉक, आणि लगेच दाबायला सुरुवात, नाडी बघत बसायचं नाही. बायफेसिक मशीनला कंपनीनं सांगितलेले १२० ते २०० ज्यूल, ते आकडे मशीनवर स्टिकर लावून ठेवा. मशीनला एईडी मोड (मशीन स्वतःच रिदम ओळखून शॉक द्यायचा का ते सांगतं) असेल तर रात्रीच्या स्टाफला तो वापरायला शिकवा, रिदम ओळखायचा धीर होत नाही म्हणून शॉक अडून राहण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. सिंकचं, म्हणजे शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवून सोडायचं बटण चालू राहिलेलं असेल तर व्हीएफमध्ये मशीन शॉक सोडतच नाही, एकदा मुद्दाम सिंक चालू ठेवून सराव घ्या, कोण ओळखतंय बघा. शॉक उशिरा बसला आणि कोणी दाबतही नसेल तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी उतरते, म्हणून हॉस्पिटलमध्ये पहिला शॉक २ मिनिटांच्या आत हे टार्गेट धरा.

एक सूचना, साध्या मॅनिकिनवर किंवा ब्लँकेटच्या गुंडाळीवर खरा शॉक कधीच द्यायचा नाही, ज्या मॅनिकिनला तशी सोय आहे त्यावरच. बाकी वेळी ‘शॉक दिला’ असं तोंडानं म्हणून मशीनमधला चार्ज मशीनमध्येच सोडून टाकायचा.

अ‍ॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी. आपल्याकडची १ मिलीची अँप्यूल म्हणजे १ मिलिग्रॅम, अरेस्टमध्ये ती अख्खी जाते. डायल्यूट करून द्यायचं की तसंच, हे हॉस्पिटलनं एकदा ठरवून सगळ्यांनी तसंच करायचं, आणि मागून २० मिली सलाईन ढकलून हात वर धरायचा. असिस्टोल आणि पीईएमध्ये शिरेत लाइन मिळाली की लगेच, पहिला डोस ५ मिनिटांच्या आत. शॉक देऊनसुद्धा व्हीएफ जात नसेल तर अमिओडॅरोन ३०० मिलिग्रॅम, नंतर १५०. पण औषधांवर फार वेळ घालवू नका सरावात, जीव वाचतो तो मुख्यतः दाबण्यानं आणि शॉकनं.

कोण कोणाला काय म्हणणार

‘सिस्टर, अ‍ॅड्रेनालिन द्या.’ हे वाक्य आलं की तीन सिस्टर एकमेकींकडे बघतात आणि प्रत्येकीला वाटतं दुसरी भरतेय. म्हणून नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीनं तेच परत म्हणायचं, आणि दिल्यावर ‘अ‍ॅड्रेनालिन वन मिलिग्रॅम दिलं, दोन वाजून एकेचाळीस’ असं मोठ्यानं सांगायचं. लिहिणाऱ्याला तेवढंच लागतं.

आपल्या भागात भाषेचा प्रश्न खरा आहे. डॉक्टर हुबळीकडचे कन्नड बोलणारे, सिस्टर मराठी, एखादी केरळची, मावशी आमच्या गावाकडच्या, नातेवाईक कन्नड नाहीतर उर्दू. घाईत प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडतो. आम्ही ठरवलेलं आहे की औषधाचं नाव, डोस आणि आकडे इंग्रजीतच म्हणायचे, मोजायचं वन टू थ्री असंच, आणि बाकी सूचना ज्याला जी येते त्या भाषेत पण नाव घेऊन. वॉर्डच्या भिंतीवर जो कागद लावाल तो मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लावा, शब्द कमी, अक्षर मोठं.

माणसं पाच-सहाच असतील तर कामं अशी वाटून बघा. पहिली सिस्टर दाबायला, वॉर्डबॉय तिच्याबरोबर आलटून पालटून, दुसरी सिस्टर लाइन आणि औषध, डॉक्टर एअरवे बघून लीडरही तेच. मावशी ट्रॉली आणि डिफिब्रिलेटर ढकलत आणतात, मग घड्याळ धरून २ मिनिटं झाली की ओरडतात. सिक्युरिटीच्या काकांकडे फोन आणि नातेवाईक. डॉक्टर श्वास देताना डोकं खाली घालून बसले की लीडर कोणीच राहत नाही, हे जवळजवळ दर वेळी होतं, मग अंबू लवकरात लवकर दुसऱ्याच्या हातात देऊन डॉक्टरांनी पायाशी येऊन उभं राहायचं, तिथून सगळं दिसतं.

नातेवाईक हा सरावाचा भाग धरा. आपल्याकडे पेशंटबरोबर दहा माणसं असतात, कोणी पाय धरतंय, कोणी व्हिडिओ काढतंय, कोणी बेळगावला नेऊया म्हणून ओरडतंय. स्टाफमधल्या एकाला मुलगा करा आणि त्याला सांगा की मधे मधे येऊन विचारायचं, ‘काय झालं, सांगत का नाही?’ मग बघा कोण त्याच्याशी बोलतं. एकानं त्याला खांद्याला धरून दोन पावलं बाजूला नेऊन सांगायचं, हृदय थांबलंय, आम्ही ते चालू करायचा प्रयत्न करतोय, मी इथंच आहे, दर थोड्या वेळानं येऊन सांगतो. एवढं बोललं तरी माणूस शांत होतो आणि पुढचा गोंधळ टळतो.

थांबवून परत, की शेवटपर्यंत जाऊ द्यायचं?

दोन पद्धती आहेत. नवीन स्टाफ असेल तर चूक दिसली की तिथंच थांबवा, बरोबर काय ते सांगा, १० सेकंद मागं जाऊन तेवढाच तुकडा परत करून घ्या, परत परत, हाताला बसेपर्यंत. ही पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. एलिझाबेथ हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली आणि माझ्या मते आपल्या लहान हॉस्पिटलांना हीच जास्त फळते, कारण चूक करून शेवटी व्याख्यान ऐकण्यापेक्षा लगेच बरोबर करून बघितलं की आत्मविश्वास येतो. मुरलेली टीम असेल तर मात्र मधे थांबवू नका, शेवटपर्यंत जाऊ द्या, मग बोला.

नंतरचं बोलणं

सराव ६ मिनिटं झाला असेल तर बोलायला १० ते १५ मिनिटं ठेवा, बेडशेजारीच उभं राहून. खरं शिकणं इथं होतं आणि इथंच बहुतेक ठिकाणी बिघडतं. वरिष्ठ डॉक्टर आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि विषय संपतो. म्हणून क्रम उलटा, आधी मावशी, मग वॉर्डबॉय, सिस्टर, आरएमओ, आणि सगळ्यात शेवटी कन्सल्टंट. मावशी आधी म्हणतील मला काय कळतंय त्यातलं, तर त्यांना थेट विचारा, ‘तुम्ही ट्रॉली आणताना कशाला अडकलात?’ मग सांगतात, दारात व्हीलचेअर होती, चाक अडत होतं, लिफ्टपाशी थांबायला लागलं. कुठल्याही डॉक्टरला हे दिसलेलं नसतं.

चूक काढताना ‘तुम्ही असं का केलं नाही’ असं म्हटलं की माणूस मिटतो. असं म्हणा, ‘मला दिसलं की शॉकनंतर जवळजवळ अर्धा मिनिट कोणी दाबत नव्हतं, मला त्याची काळजी वाटली, तुमच्या मनात त्या वेळी काय चालू होतं?’ आणि उत्तर ऐका. बऱ्याचदा उत्तर असं येतं की मॅडम, रिदम आल्यासारखा दिसला, मग दाबायचं का नाही ते कळेना. म्हणजे त्यांना माहिती कमी होती, आळस नव्हता, आणि ती माहिती तिथंच देता येते. सरावात झालेल्या चुकीवरून मेमो नाही, इन्क्रिमेंटला हात नाही, ड्युटीरूममध्ये चर्चा नाही, फोटो-व्हिडिओ ग्रुपवर नाही, हे मॅनेजमेंटकडून आधी कबूल करून घ्या आणि सगळ्यांसमोर म्हणायला लावा. एकदा जरी कोणाला सरावावरून बोलणी बसली, तर पुढच्या सरावाला माणसं रजा टाकतात.

शेवटी दोनच गोष्टी लिहायच्या, जास्त नाही. कोण करणार त्याचं नाव आणि कधीपर्यंत त्याची तारीख. दाराजवळची व्हीलचेअर हलवणं, सॉकेट बदलणं, बेडखाली बोर्ड ठेवणं, असली कामं. पुढच्या सरावाच्या आधी ती झाली का बघायची, आणि झाली नसतील तर पुढचा सराव त्याच बेडवर घ्या, म्हणजे कशासाठी म्हणतोय ते मॅनेजमेंटलाही दिसतं.

आवरताना

सरावाची औषधं वेगळी ठेवा, रिकाम्या अँप्यूलमध्ये पाणी भरून किंवा मुदत संपलेली वापरत असाल तर प्रत्येकीवर लाल पेननं ‘सराव’ लिहिलेली चिकटपट्टी, आणि सगळी मोजून एका वेगळ्या डब्यात. सराव संपला की डबा मोजायचा, एकही कमी असेल तर सापडेपर्यंत ट्रॉली परत लावायची नाही. सरावाचं पाणी खऱ्या पेशंटला जाणं यासारखी वाईट गोष्ट नाही. मग ट्रॉलीतलं वापरलेलं सगळं भरून, ऑक्सिजन बंद करून, डिफिब्रिलेटर चार्जिंगला, नवं सील, रजिस्टरला सही.

रजिस्टरला चार गोष्टींना किती वेळ लागला ते लिहा, ओळखल्यापासून पहिला दाब, मदतीची हाक, पहिला शॉक, पहिलं अ‍ॅड्रेनालिन. दाब १ मिनिटाच्या आत, शॉक २, अ‍ॅड्रेनालिन ५. काही महिने लिहिलं की आकडे स्वतःच सांगतात कुठल्या शिफ्टला काय कमी पडतंय.

महिन्यातून एक पूर्ण सराव आणि मधल्या आठवड्यांत शिफ्ट बदलताना नुसतं दोन-दोन मिनिटं मॅनिकिनवर दाबणं, एवढं लहान हॉस्पिटलला झेपतं. मॅनिकिन कपाटात ठेवू नका, ड्युटीरूमच्या कोपऱ्यात बाहेर ठेवा, येता-जाता हात लागतो. पूर्ण सराव रात्रपाळीला आणि रविवारीपण घ्या, दिवसाच्या भरल्या वॉर्डात सगळेच चांगलं करतात. तारीख फक्त मेट्रन आणि भूलतज्ज्ञांना माहीत असू दे, आणि खरा अरेस्ट झाला की त्यानंतरसुद्धा, पेशंट वाचला असो की गेला असो, टीमला दहा मिनिटं एकत्र उभं करून याच क्रमानं बोलायला लावा, मावशींपासून.